संपली म्हणजे संपली

शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. पुण्या-मुंबईकडची पार्टी जॉब बघायला यायची म्हटली की मी फोनवरच सांगून ठेवतो, आधी मिसळ खा, मग ड्रॉइंग उघडू. फार थोडे ऐकतात. बाकीचे वाटेत दोनदा चहा घेत साडेबारा-एकला उतरतात आणि थेट मिसळीच्या दुकानाच्या शटरसमोर उभे राहतात. शटर अर्धं खाली, आत बाकडी पुसणं चाललेलं, आणि आतून आवाज येतो, "संपली ओ!" पार्टी मोबाइल पुढे करते. त्यावर दुकान चालू असल्याचं लिहिलेलं असतं. आतला माणूस मोबाइलकडे बघतसुद्धा नाही. मग माझ्याकडे वळून ठरलेलं वाक्य येतं, "कसला माज आहे हो तुमच्या कोल्हापूरच्या लोकांना!"

माज कोल्हापुरात आहे, नाही कशाला म्हणू. पण या शटरमागे तो नाही.

मिसळीची तयारी दोन दिवस आधीपासून चालते. मटकी भिजत घालायची, उपसून फडक्यात बांधायची, मोडांची वाट बघायची. रविवारी किती गिऱ्हाईक येईल याचा अंदाज शुक्रवारी बांधावा लागतो. पहाटे कांदा-खोबरं भाजून वाटण, चटणी, आणि मोठ्या पातेल्यात कट. पातेलं उतरलं की त्या दिवसाचा माल ठरला. अकराला गर्दी वाढली म्हणून आणखी चार किलो मटकीला मोड आणता येत नाहीत. कटात पाणी ओतता येतं, पण ते इथल्या माणसाला पहिल्याच घासाला कळतं आणि दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या दुकानात दिसतो.

बाहेरच्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट आणखी एक आहे. आमच्याकडे मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात, आणि कट मागाल तेवढा. त्याचं वेगळं बिल नाही. कॉलेजची पोरं बसली तर फोटो काढण्यातच निम्मा कट निवतो. रात्रपाळी उतरलेले फौंड्रीवाले बसले तर एकेकजण तीन-तीन वाट्या ओढतो. आता सांगा, पातेल्याचा तळ अकराला लागणार की एकला, हे मालकाला सकाळी सातला कसं कळावं? वाढताना हात आखडायचा नाही आणि बंद व्हायची वेळ मात्र काट्यावर पाळायची, या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत. वाटीला पैसे लावा, वेळ बरोबर पाळता येईल. पण मग उद्यमनगरातल्या फडतरे मिसळीसमोर सकाळी लागणारी रांग लागेल का, याचा ज्याने-त्याने विचार करावा.

मटणाच्या खाणावळीतही हेच. सकाळी बोकड पडला की मटण घरात येतं, ते शिजवलेलं अळणी पाणी निघतं, त्यातच नारळाचं दूध, तीळ-खसखस घालून पांढरा रस्सा होतो. तांबडा उकळता ठेवला तरी चालतो. पांढरा जास्त तापवला तर फुटतो, म्हणून तो बेताचा करायचा आणि बेतानेच संपवायचा. रस्सा पुन्हा फुकट. दोन वाजता गेलात तर "मटण संपलं, रस्सा-भाकरी चालंल का?" असं विचारतात. चालतंय, मी कित्येकदा खाल्लंय.

शिवाय इथल्या वारांचा हिशेब वेगळा. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्या दिवशी निम्मं गिऱ्हाईक पाळणारं, मग चूल कुणासाठी पेटवायची? श्रावणात काही खाणावळी रंगरंगोटी काढतात. चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेला घरचे सगळे डोंगरावर. हे इथल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी समोर उभ्या करून धार काढून देतात. तिथे 'किती ते किती' असं कुणी विचारलं, तर उत्तर म्हशीलाच द्यावं लागेल.

पुण्याचे लोक या बाबतीत बोलतात तेव्हा मला गंमत वाटते. चितळ्यांच्या मिठाईच्या दुकानाच्या दुपारी एक ते चारच्या विश्रांतीवर एका पिढीचे विनोद झाले. पुढे चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली आणि सगळ्यांना वाटलं, झालं, आता असंच सगळ्यांनी करावं. पण त्यांच्यामागे भिलवडीची डेअरी आहे, पाळीने काम करणारी माणसं आहेत. एकाने जेवायला जावं, दुसऱ्याने काउंटरवर बसावं. आमच्या वर्कशॉपच्या मागच्या गल्लीतल्या खाणावळीत दुसरी पाळीच नाही.

तिथे नवरा बाजार आणतो आणि गल्ला बघतो, सासूबाई कांदा-लसूण निवडतात, एक पोरगं ताटं उचलतं. बाकी सगळं वहिनी. पहाटे चारला उठून वाटण, मग मटण, मग रस्से, आणि दुपारभर भाकऱ्या. भाकरी आधी करून ठेवली की वातड होते, म्हणून माणूस बसला की थापायची. मे महिन्यात त्या तव्यापुढे उभं राहून बघा. मी एकदा म्हटलं, वहिनी, भाकरीला एखादी बाई ठेवा की. तवा न सोडता त्या म्हणाल्या, "ठेवली हुती. तिची भाकरी तुम्हीच तर परत पाठवत हुता." यावर मी काय बोलणार?

आता कायदा काय म्हणतो? १९४८ चा दुकानांचा जुना कायदा जाऊन २०१७ चा आला. त्याने दुकानं, हॉटेलं वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडी ठेवायची मुभा दिली आणि कामगारांना आळीपाळीने आठवड्याची सुट्टी बंधनकारक केली. चांगलंच झालं. फक्त ही कलमं आधी दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे लागायची, २०२५ पासून वीस किंवा जास्त असतील तिथे लागतात. विसाच्या आत असलेल्यांनी व्यवसाय चालू केल्याची माहिती कळवली की झालं. म्हणजे वहिनींना रविवार कायद्याने दिलेला नाही, नवऱ्याने दिलेला नाही आणि गिऱ्हाईक तर देणारच नाही. त्यांच्या हातात सुट्टी घ्यायचा एकच मार्ग आहे, शटर ओढायचं. ताप आला, माहेरी कुणी गेलं, पोरीची परीक्षा आहे, की त्या दिवशी शटर खाली. बाहेरून येणारा त्याला 'अनियमित वेळ' म्हणतो आणि एक तारा देऊन मोकळा होतो.

घरपोच देणाऱ्या ॲपवाल्यांचा एक पोरगा मध्यंतरी गल्लीत फिरत होता. सकाळी अकरा ते रात्री अकरा चालू ठेवा, मोबाइलवर वर दिसाल, म्हणत होता. ज्यांनी असं मान्य केलंय त्यांच्या स्वयंपाकघरात काय होतं तेही मी पाहिलंय. डीप फ्रीजर येतो. सकाळी एकच ग्रेव्ही शिजते, तीच मटणाला, चिकनला आणि अंड्यालाही. तर्रीचं तेल वेगळं काढून ठेवतात आणि वरून ओततात. रात्री साडेदहालाही 'अस्सल कोल्हापुरी' मिळतं, लालभडक. हायवेला अशा पाट्या किती आहेत ते मोजत जा, वेळ बरा जातो.

एवढं बोलून झाल्यावर खाणावळवाल्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण शटर खाली असल्याचा खरा मार पर्यटकाला बसत नाही. तो दुसरीकडे जाऊन जेवतो आणि फार तर मोबाइलवर राग काढतो. मार बसतो तो आमच्या हेल्परला. त्याला जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटं चालण्यात जातात. पुढे शटर बंद. मग कोपऱ्यावरचा वडापाव कोंबायचा आणि पुन्हा मशीनवर उभं राहायचं, तेही हातात धातूचा तुकडा धरून, जिथे डोकं जाग्यावर लागतं. खोली घेऊन राहणारी पोरं, एकटे म्हातारे, ज्यांचं दोन्ही वेळचं पोट खाणावळीवर आहे, त्यांना आज काय करायचं हे सकाळी तरी कळायला हवं.

बंद ठेवायचा हक्क मी पूर्ण मान्य करतो, न सांगता बंद ठेवायचा नाही. शटरवर 'घरगुती कारणामुळे बंद' असा कागद डकवलेला असतो. आजच्यापुरतं की आठवडाभर, ते त्यावरून कळत नाही. तारीख लिहायला काय जातं? शाळेची एक पाटी आणि खडू दाराला अडकवावा, आदल्या संध्याकाळी 'उद्या बंद' लिहावं. व्हॉट्सॲपचं स्टेटस ठेवायला तर खडूही लागत नाही, आणि पोरासोरांच्या वाढदिवसाचे फोटो त्याच स्टेटसला न चुकता असतात.

आणि महिन्याचा डबा लावलेल्यांचे पैसे. बंदच्या दिवसाचे ते हिशेबातून वजा झालेच पाहिजेत. काही जण न मागता वजा करतात. काही जण "एका दिवसाचं काय घेऊन बसलाय" म्हणून हसण्यावारी नेतात. हेल्परने एक दिवस दांडी मारली तर आम्ही वर्कशॉपवाले त्याचा खाडा पगारातून बिनचूक कापतो. मग त्याच्या डब्याचा खाडा कुणी कापायचा?