दहा वाजल्यानंतरचें गाणें

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं, त्यांतील बहुतेकांचा सूर एकच आहे. हल्लींच्या चित्रपटांतील आणि मोबाईलवरील गाण्यांनीं मुलांचे कान बिघडले, शब्दांत अर्थ उरला नाहीं, चालींत गोडवा उरला नाहीं, आणि लग्नघरांत तर घटकाभर बसवत नाहीं, अशी ही तक्रार आहे. एका भगिनीनें तर 'या विषयावर एकदां सडकून लिहा' असा आम्हांस हुकूमच केला आहे. सडकून लिहिण्याची आमची तयारीहि झाली होती. तेवढ्यांत बेलापूरजवळच्या दिवाळे गांवीं एका हळदीस जाण्याचा योग आला, आणि तेथून परत आल्यावर लेखणीची धार बरीच बोथटली. ती कशानें बोथटली तें सांगतों.

दिवाळे हें खाडीकांठचें जुनें कोळी गांव. पामबीच मार्ग बेलापूरच्या किल्ल्याच्या बाजूस जेथें संपतो, तेथून तें हाकेच्या अंतरावर आहे. एका अंगास कचेऱ्यांच्या उंच इमारती, दुसऱ्या अंगास धक्का, होड्या आणि वाळत घातलेलीं जाळीं. आम्ही राहतों त्या इमारतीच्या गच्चीवरून गांवचे दिवे दिसतात आणि लग्नसराईंत गांवचीं गाणीं ऐकूं येतात. नुसतीं ऐकूं येतात असें नव्हे, त्यांनीं खिडकीच्या कांचा थरथरतात. खरें सांगावयाचें तर तीन वर्षांपूर्वीं, घरांत परीक्षेचे दिवस असतांना, आम्हीं स्वतः पोलिसांस दूरध्वनि करून या गाण्यांविरुद्ध तक्रार केलेली आहे. त्यामुळें हळदीचें आमंत्रण घेऊन ती मुलगी दारांत उभी राहिली तेव्हां आम्हांस किंचित् अपराध्यासारखें वाटलें. दहावीच्या वर्षीं ती आमच्या कुटुंबाकडे मराठी शिकावयास येत असे; आतां एका बँकेत नोकरी करते. "सर, काकूंना घेऊन यायचंच. आमची आजी धवला म्हणणार आहे," असें ती म्हणाली. धवला हा शब्द ऐकतांच स्वयंपाकघरांतून आमचें कुटुंब बाहेर आलें, आणि जावयाचें हें तेथेंच ठरलें.

मांडव दोन घरांमधल्या अरुंद जागेंत घातला होता. सायंकाळीं सातास आम्ही पोहोंचलों तेव्हां बेंजोवाले सरसावून बसले होते आणि त्यांच्या मागें पुरुषभर उंचीचे ध्वनिक्षेपक रचलेले होते. आमच्यासाठीं बिनमासळीची निराळी पंगत योजिलेली. नको नको म्हणतां आम्हांस पहिल्या ओळींत बसविलें गेलें, म्हणजे थेट त्या ध्वनिक्षेपकांच्या तोंडाशीं. तेथें बसून जवळजवळ तीन तास आम्हीं जें ऐकलें त्यांत नवें कोणतें आणि जुनें कोणतें याची कोणासहि फिकीर नव्हती. एकवीरेचें गाणें संपतें न संपतें तों चित्रपटांतलें, त्याच्या पाठोपाठ यूट्यूबवर परवां आलेलें. हळदीची परात डोक्यावर घेतलेली एक प्रौढ बाई परात तसूभरहि न कलंडूं देतां या सर्वांवर सारख्याच तन्मयतेनें नाचत होती. तिच्याकडे पाहतांना आमच्या पत्रलेखकांचे पुष्कळसे आक्षेप आम्हांस आठवेनासे झाले.

'झिंगाट' लागलें तेव्हां मांडव उसळला. अजय-अतुल यांचें हें गाणें २०१६ सालच्या 'सैराट'मधील. इतक्या वर्षांनंतरहि त्यावांचून हळद पुरी होत नाहीं. नागराज मंजुळे यांचा तो चित्रपट ज्यानें शेवटपर्यंत पाहिला आहे, त्याचें पाऊल या गाण्यावर लग्नांत नाचतांना क्षणभर तरी अडखळावयास हवें, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. कारण तो चित्रपटच मुळीं एका लग्नाच्या खुनाचा आहे. जात मोडून दूर हैदराबादेंत संसार थाटलेल्या मुलीच्या दारीं तिचा भाऊ माहेरच्या भेटवस्तु घेऊन येतो. ती हरखून चहा ठेवते. आणि थोड्या वेळानें शेजारणीबरोबर बाहेर गेलेलें तिचें लहान मूल घरीं येतें, आंत पाहतें, व रडत रडत रक्ताचीं पावलें उमटवीत बाहेर निघून जातें. त्या वेळीं पडद्यावर कसलाहि आवाज नसतो. ज्या चित्रपटानें आपल्या गाण्यांसाठीं लॉस एंजेलिसपर्यंत जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला, त्यानें आपला शेवट मात्र मौनाच्या स्वाधीन करावा, यांत संगीताची केवढी जाण आहे! अलीकडच्या मराठी चित्रपटसंगीतांत याहून मोठा क्षण आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु गाणें चित्रपटांतून सुटून मांडवांत आलें म्हणजे तें आपला शेवट मागें ठेवून येतें. २०१८ सालीं 'धडक'मध्यें तें हिंदी होऊनहि आलें, आणि अधिकच विसराळू झालें. नाचणाऱ्यांस त्याचा दोष काय द्यावा? या मांडवांतील किती भावांना बहिणीनें जातीबाहेर केलेलें लग्न सोसेल, असा एक प्रश्न तेथें बसल्या बसल्या आमच्या मनांत आला खरा. पण परततांना असेंहि वाटलें कीं तो प्रश्न दिवाळ्याच्या मांडवांतच कां आठवावा? 'सैराट' आम्हीं सर्वांनींच डोळे पुसत पाहिला होता. आणि वधूवरसूचक मंडळांत नांव नोंदवितांना पोटशाखेचा रकाना आमच्याहि घरीं भरला जातोच.

'गुलाबी साडी' हें संजू राठोड यांचें २०२४ सालीं गाजलेलें गाणें. यावर आमच्या पत्रलेखकांचा विशेष रोष दिसतो. त्यांत अर्थ नाहीं म्हणतात. साडी नेसून फोटो काढवून घेण्याची एका मुलीची हौस, एवढा त्याचा अर्थ आहे आणि तो तें लपवीत नाहीं. साडीचोळीच्या नखऱ्याचीं वर्णनें लावणीनें पेशवाईपासून केलीं आहेत. तीं वाङ्मयाच्या इतिहासांत गेलीं म्हणून सोवळीं, आणि हें मोबाईलवर आलें म्हणून ओंवळें, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. आमचा आक्षेप निराळाच आहे. तीन तासांत लय एकदांहि खालीं आली नाहीं, आणि एकहि आवाज एकटा ऐकूं आला नाहीं. गळा आहे, पण तो ठेक्याखालीं गाडलेला.

आणि हा रोग फक्त हळदीच्या मांडवांतला आहे असें कोणीं समजूं नये. २०२५ च्या जानेवारींत सुबोध भावे यांचा 'संगीत मानापमान' पडद्यावर आला. खाडिलकरांचें हें नाटक १९११ सालचें, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि पहिली भामिनी बालगंधर्वांची. त्या काळीं नाटकगृहांत ध्वनिक्षेपक नव्हता. पेटी, सारंगी व तबल्याच्या आधारावर एक गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोंचत असे. शंकर-एहसान-लॉय यांनीं 'कट्यार काळजात घुसली'मध्यें २०१५ सालीं गळ्याला जी जागा दिली होती, ती येथें भव्य महाल, झुंबरें आणि वाद्यांचा लोंढा यांच्यामध्यें आम्हांस सांपडली नाहीं. आमच्या घरच्या थोरांनीं त्यास माना डोलाविल्या, आणि दिवाळ्याच्या ध्वनिक्षेपकांस नांवें ठेविलीं. दोन्हीकडे भय एकच आहे: उघड्या आवाजाचें.

मध्येंच एक जुनें कोळीगीत वाजलें आणि वृद्धहि उठले. शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लताबाई व हेमंतकुमार यांचे आवाज. यांपैकीं कोणीहि कोळी नव्हे. हेमंतकुमार तर बंगाली. शुद्धतेचा आग्रह धरणारांनीं या ठिकाणीं विचार करावा, कारण दर्यावर वल्हें न मारलेल्या या मंडळींचें गाणें कोळीवाड्यांनीं आपलें म्हणून केव्हांच उचललें आहे. पुढें वेसाव्याच्या गायकमंडळींनीं स्वतःच आपलीं गाणीं ध्वनिफितींवर आणिलीं, आणि आतां तर गांवोगांवचीं आगरी-कोळी मुलें स्वतः लिहितात, स्वतः गातात, स्वतःच चित्रित करतात. त्यांतील पुष्कळ गाणीं आम्हांस आवडत नाहींत. पण कोळ्यानें आपलें गाणें गाण्यासाठीं आतां कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाहीं, ही गोष्ट आवडल्यावांचून राहत नाहीं.

बरोबर दहास बेंजो थांबला. रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम. ज्याचा आश्रय आम्हीं तीन वर्षांपूर्वीं घेतला होता तोच. तरुण मंडळी कुरकुरत पांगलीं. कानांत अजून घुमत होतें. तेवढ्यांत मुलीनें येऊन आमच्या कुटुंबाचा हात धरला आणि आम्हांस आंतल्या खोलींत नेलें.

तेथें पाटावर नवरी बसली, भोंवतीं आठ-दहा बायका, आणि भिंतीशीं टेकून आजी. आगरी-कोळी समाजांत लग्नविधींचीं हीं गाणीं जिला मुखोद्गत असतात तिला धवलारीण म्हणतात. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत ज्या त्या विधीचें गाणें निराळें. आमच्या वाचकांस नवल वाटेल, पण पूर्वीं कित्येक घरीं भटजीस न बोलावतां धवलारीणच लग्न लावीत असे. तिचें गाणें हाच मंत्र. आणि धवला हा शब्द तर आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलेला आहे. महानुभाव पंथाच्या महदंबेनें तेराव्या शतकांत ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवांत धवळे रचले; तिला आद्य मराठी कवयित्री म्हणतात. आमच्या कुटुंबानें तीस वर्षें महदंबा शिकविली. धवळे म्हणजे वराचीं विवाहप्रसंगीं गावयाचीं गीतें, दोन गुणांचें उत्तर. त्या रात्रीं तिनें धवला प्रथम कानांनीं ऐकला, घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर.

आजीचा आवाज गोड नव्हता. वयानें तो फाटला होता, आणि चाल म्हणजे तीन-चार स्वरांची सरळ ये-जा. पण त्यास घाई नव्हती. एक ओळ ती म्हणे, बायका ती उचलीत, आणि तेवढ्या वेळांत हळदीचा एक हात नवरीच्या खांद्यावर फिरे. गाणें हातांबरोबर चाललें होतें. तें ऐकविण्यासाठीं नव्हतें. आम्ही तेथें नसतों तरी त्यांत कांहीं उणें पडलें नसतें.

असलें गाणें चित्रपटांत टिकेल काय? २०२५ सालचा सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' आम्हांस या वेळीं आठवला. त्यांत दिलीप प्रभावळकर यांनीं ऐंशीच्या घरांत असतांना म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री उभा केला आहे. रंग लावतांना थरथरणारे हात, मंद होत चाललेली दृष्टि, रात्रीच्या खेळाचें वेड. हा पूर्वार्ध आम्हीं पुनः पाहूं. उत्तरार्धांत मात्र दशावतार हें सूडाचें साधन होतें. जो खेळ गांव आपल्यासाठीं करीत होता तो प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठीं होऊं लागतो. हा दिग्दर्शकाचा दोष म्हणावा तर अन्याय होईल. पडद्याला कथा लागते, आणि विधीला कथा नसते. उद्यां कोणीं धवल्यावर चित्रपट काढला तर त्यांत धवलारीण मरेल, नात रडेल, आणि मागें वाद्यवृंद वाजेल. त्या खोलींत असें कांहींच घडलें नाहीं.

जें घडलें तें इतकेंच. देवांना एकेक करून लग्नास बोलावण्याचें गाणें चाललें होतें. सात-आठ देव आले असतील, आणि आजी मध्येंच थांबली. ओठ हलले, शब्द येईना. बायका वाट पाहत राहिल्या. पुढची ओळ त्यांच्यापैकीं एकीसहि ठाऊक नव्हती. ज्या थोरल्या जावेबरोबर ती इतकीं वर्षें गात आली, ती गेल्या पावसाळ्यांत वारली, असें आम्हांस मागाहून कळलें. नवरीच्या खांद्यावरचा हळदीचा हात तसाच राहिला. मग आजीनें दाराबाहेरच्या काळोखाकडे पाहून हात जोडले आणि अगदीं घरच्या माणसास म्हणावें तसें म्हटलें, "नांव नाय आठवत बाबा, तरी ये." आणि ती पुढच्या देवाकडे वळली.

त्या मुलीनें तें सर्व मोबाईलवर मुद्रित केलें होतें. लग्नानंतर आठवड्यानें तिनें तें आमच्या कुटुंबाकडे पाठविलें, आणि आतां त्या दोघीं रविवारीं बसून शब्द लिहून काढीत आहेत. आजीस लिहिणें पसंत नाहीं. मांडव नसतांना गाणें म्हणूं नये असें तिचें म्हणणें, त्यामुळें कोठें शंका आली तरी विचारण्याची सोय नाहीं. सत्तेचाळीस ओळी झाल्या आहेत. ती थांबली त्या ठिकाणीं मुद्रणांत बांगड्यांचा आवाज आहे, कोणी मूल पाणी मागतें आहे, आणि दूर खाडीवर एका होडीचें यंत्र सुरू होतें. वहींत तेथें आमच्या कुटुंबानें एक ओळ कोरी सोडली आहे.