तारांकितांची तिजोरी, तिसऱ्या फळीची चणचण

अमेरिका व कॅनडातील नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) स्टॅनले चषकाचा निकाल बर्फावर लागत असला, तरी निम्मी लढाई हिशेबाच्या वहीत होते. २००४-०५चा संपूर्ण मोसम मालक आणि खेळाडूंच्या संघर्षात वाया गेला. त्यानंतर संघांच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा आली. २००५-०६मध्ये ३ कोटी ९० लाख डॉलर असलेली ही मर्यादा २०२५-२६साठी ९ कोटी ५५ लाखांवर गेली. आयपीएल लिलावातील 'पर्स' ठाऊक असलेल्यांना हे गणित नवे नाही. येथे मात्र ते दीर्घ मुदतीच्या करारांचे ओझे वाहत सोडवावे लागते.

बर्फावरील हॉकीत तीन-तीन आघाडीवीरांच्या चार फळ्या आलटूनपालटून उतरतात. दमछाक करणाऱ्या या खेळात सर्वोत्तम फळीही ६० पैकी साधारण २० मिनिटेच खेळते. उरलेला वेळ इतरांचा असतो आणि संघाची खोली तेथेच कसाला लागते.

टोरांटो मेपल लीफ्सने ही बाब दुर्लक्षिली. मॅथ्यूज, टव्हारेस, मार्नर व नीलँडर या चौघा आघाडीवीरांवर त्यांनी सुमारे ४ कोटी ५ लाख डॉलर बांधले. मर्यादा होती ८ कोटी १५ लाख! म्हणजे निम्मी तिजोरी चौघांची. मर्यादा वाढत जाईल, हा हिशेब करोनाने उधळला आणि २०१९-२० ते २०२१-२२ असे तीन मोसम ती जागची हलली नाही. परिणामी खालच्या फळ्या स्वस्तातल्या खेळाडूंवर भागवाव्या लागल्या. २०१९ ते २०२५ या काळात बाद फेरीच्या केवळ दोन मालिका जिंकता आल्या. १९६७नंतर चषक नाहीच, आणि २०२५मध्ये मार्नरही व्हेगासला गेला. सारा दोष वेतनरचनेचा नसला, तरी तिचा वाटा नाकारता येत नाही.

याउलट २०२४ व २०२५चा विजेता फ्लोरिडा पँथर्स. बार्कोव्ह, कचक व राइनहार्ट या तिघांचे मिळून मानधन होते सुमारे २ कोटी ८१ लाख. राज्यात वैयक्तिक प्राप्तिकर नसल्याचा लाभही या संघाला मिळतो. मार्च २०२५मध्ये आलेला अनुभवी मार्चंड तिसऱ्या फळीत लुंडेल व लुओस्टारिनेन यांच्यासोबत खेळला आणि अंतिम मालिकेत त्याने सहा गोल केले.

दोन्ही वेळी पराभूत झालेल्या एडमंटन ऑयलर्सचा धडा वेगळा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये सेंट लुईसने होलोवे आणि ब्रोबर्ग या तरुणांना देऊ केलेली रक्कम एडमंटनला मर्यादेमुळे परवडली नाही. त्याच होलोवेने पुढच्या मोसमात सेंट लुईससाठी २६ गोल केले.

मर्यादा आता वाढते आहे. तथापि ताऱ्यांचे भावही त्याच वेगाने चढत आहेत. मिनेसोटाच्या कप्रिझोव्हने सप्टेंबर २०२५मध्ये वर्षाला १ कोटी ७० लाखांचा करार केला. काही दिवसांतच एडमंटनच्या मॅकडेव्हिडने मात्र जुन्याच १ कोटी २५ लाखांवर दोन वर्षांची मुदतवाढ स्वीकारली. हा निव्वळ उदारपणा नव्हे. सोडलेल्या पैशांतून सहकारी मिळावेत आणि चषक जिंकावा, ही त्यामागची अपेक्षा. दोनच वर्षांची मुदत हा व्यवस्थापनाला दिलेला इशाराही आहे. ताऱ्याने मोकळी केलेली जागा योग्य तिसऱ्या फळीने भरली नाही, तर तो त्याग व्यर्थ ठरेल.