दहा पौंडांत अडकलेली कादंबरी

१/ मार्च १८१७. जेन ऑस्टेन आपल्या भाचीला कळवते की, 'कॅथरीन' तूर्त फळीवर ठेवली आहे. ती कधी प्रकाशित होईल, याची तिलाच खात्री नाही. ही 'कॅथरीन' म्हणजे आजची 'नॉर्थँगर ॲबी'.

२/ मूळ नाव 'सुझन'. १८०३ मध्ये लंडनच्या क्रॉसबी या प्रकाशकाने ती दहा पौंडांना घेतली, जाहिरातही केली; छापली मात्र नाही. १८०९ मध्ये लेखिकेने टोपणनावाने जाब विचारला. (सहीची आद्याक्षरे एम. ए. डी., म्हणजे 'मॅड'. हा योगायोग मानणे मला जड जाते.) उत्तर आले: छापण्याचे बंधन आमच्यावर नाही, अन्यत्र छापाल तर विक्री रोखू, दहा पौंड द्या आणि हस्तलिखित न्या. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या स्त्रीला हे उत्तर!

३/ १८१६ मध्ये भाऊ हेन्रीने हस्तलिखित सोडवून आणले. पण ॲन रॅडक्लिफच्या भयकादंबऱ्यांची ज्या लाटेत ही थट्टा रचली गेली, ती लाट ओसरली होती. ऑस्टेनने प्रास्ताविक टिपणात दिलगिरी व्यक्त केली: तेरा वर्षांत रीतिरिवाज, पुस्तके, मते बदलली आहेत.

४/ क्रॉसबीच्या व्यापारी हिशेबापेक्षा ही दिलगिरी मला अधिक बोचते. बाजाराचा निकाल लेखिकेने स्वतःच मान्य केला होता. वस्तुतः जे तिला शिळे वाटले, तेच आपले साधन आहे: १७९०च्या दशकातील तरुणी काय वाचत होत्या आणि कशाला भीत होत्या, हे येथे जसे कळते तसे सरकारी दप्तरांतून कळत नाही.

५/ जुलै १८१७ मध्ये ऑस्टेन वारली. डिसेंबरमध्ये कादंबरी आली, त्या दिलगिरीसह.