नियत आहे, आता तयारी हवी

गेल्या वर्षभरात तरुण वाचकांचे जे निरोप आमच्याकडे आले, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. श्रीरामपूरचा मुलगा विचारतो, संगमनेरची मुलगी विचारते, नगरच्या मुकुंदनगरातली नर्सिंगची विद्यार्थिनी विचारते: "परदेशात जाऊन खिदमत करायची आहे. फॉर्म कुठे भरायचा?" गाझाची चित्रे रोज मोबाइलवर पाहणाऱ्या पिढीने हा प्रश्न विचारावा, याचे मला बरे वाटते. आपल्या मोहल्ल्यांत पासपोर्ट काढला जातो तो बहुधा आखाती देशांतल्या नोकरीसाठी, नाहीतर हज-उमऱ्यासाठी. अनोळखी माणसांच्या उपयोगी पडायला तो काढावा असे कुणाला वाटू लागले असेल, तर ती चांगलीच गोष्ट आहे.

पण मित्रांनो, फॉर्म ही या वाटेवरची शेवटची पायरी आहे. फॉर्म कुठे मिळतो हे पाच मिनिटांत कळते. त्यात विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर तयार करायला दोन-तीन वर्षे लागतात. तो प्रश्न असा: आजवर तुम्ही काय केले आहे? तुम्हाला काय वाटते, हे तिथे कुणी विचारत नाही.

आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. फक्त आजवर आपण बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या बाजूला होतो. सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आली आणि तिने मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण याच फरार बाईंकडे घेतले. स्वित्झर्लंडहून आलेले फादर हर्मन बाखर यांनी नगरच्या दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम उभे केले. नगर शहरातल्या 'स्नेहालय'मध्ये परदेशी स्वयंसेवक येऊन राहतात. जामखेडला तर जगभरचे डॉक्टर आणि आरोग्य कार्यकर्ते शिकायला येतात. यातल्या काहींच्या मागे त्यांच्या धर्माची प्रेरणा होती, काहींच्या मागे नव्हती. पण जे टिकले, ते आधी इथली भाषा शिकले आणि इथल्या लोकांत राहिले. आता आपल्यातल्या कुणाला दुसऱ्याच्या गावी जायचे असेल, तर तीच कसोटी आपल्यालाही लागू आहे.

आपल्याकडून बाहेर गेलेल्यांचीही परंपरा आहे. बाल्कन युद्धात जखमी झालेल्या तुर्की सैनिकांसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांनी वैद्यकीय पथक उभे केले. डिसेंबर १९१२ मध्ये ते मुंबईहून निघाले. त्यात अलीगढचे तरुणही होते. उत्साह सगळ्यांकडेच होता, पण पथकाचा कणा होता तो लंडनच्या रुग्णालयात काम केलेल्या सर्जनचा. बाकीच्यांनी त्यांच्या हाताखाली पडेल ते काम केले. पुढे १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले. त्यांत आपल्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. तिथे ते चिनी भाषा शिकले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवू लागले. १९४२ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. त्यांच्या त्यागाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी होती आणि परक्या लोकांची भाषा शिकण्याची चिकाटी होती, हे मात्र विसरतो.

आज काय लागते? संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम घ्या. त्यात १८ ते २६ या वयाच्या तरुणांसाठी एक गट आहे. त्याला अनुभव कमी असला तरी चालतो, पण जागा मोजक्या आणि अर्ज उदंड असतात. २७ वर्षांच्या पुढे तज्ज्ञ स्वयंसेवकाचा गट आहे. त्याला किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. निवड झाल्यावर राहण्या-जेवण्याचा भत्ता, प्रवासखर्च आणि विमा मिळतो. अर्ज करायला एक रुपयाही लागत नाही. घरी बसून करण्याच्या ऑनलाइन कामाला वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की पुरे. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' साधारण दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव मागते आणि नेमलेल्यांना पगार देते. या संस्थेला डॉक्टर-नर्स लागतात, तसे पाण्याची व्यवस्था लावणारे, गोदाम सांभाळणारे, गाड्या चालू ठेवणारे आणि हिशेब लिहिणारेही लागतात. आयटीआय केलेल्या आणि कॉमर्स शिकलेल्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता हा अनुभव आणायचा कुठून? तो आपल्याच तालुक्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन ते मुद्दाम तिथे आले होते. थोड्याच दिवसांत दुष्काळ पडला. गावकऱ्यांनी औषधाच्या आधी पाणी आणि अन्न मागितले, आणि डॉक्टरांनी ते ऐकले. पुढे गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या कामाला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण ठरवून आणलेली मदत आणि समोरच्याने मागितलेली मदत यांत किती अंतर असते, हे शिकायला जग जामखेडला येते. ते आपल्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहे. तिथे जाऊन आलेले आपल्यातले किती जण आहेत?

कॉलेजात असाल तर एनएसएसमध्ये नाव घाला. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक शिबिर पूर्ण केले की प्रमाणपत्र मिळते, आणि मुख्य म्हणजे आपल्या मोहल्ल्याबाहेरच्या मुलांबरोबर फावडे धरायची सवय लागते. प्रथमोपचाराचा रीतसर कोर्स करा. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या मुलांची शाळा हंगामात तुटते. तिथे एक हंगाम काढा. आपल्या जमातीबाहेर, जिथे आपले नाव ऐकून समोरचा जरा थबकतो, अशा जागी काम केलेले असणे फार मोलाचे आहे. परदेशात तुम्ही रोज अशाच जागी उभे असणार आहात.

केलेले काम लिहून ठेवायला शिका. कोविडच्या दिवसांत आपल्या मुलांनी रेशन वाटले, ऑक्सिजनची सिलिंडरे वाहिली, परक्यांच्या मय्यती उचलल्या. पण अर्जात ती मुले एवढेच लिहितात: "कोविडमध्ये समाजसेवा केली." वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. किती महिने केले? बरोबर किती जण होते? तुमच्याकडे नेमके कोणते काम होते? अडचण काय आली, ती कशी सोडवली, शेवटी काय झाले? मुलाखतीतही हेच विचारतात. म्हणून आजपासून एक वही करा. तारीख, जागा, काम आणि देखरेख करणाऱ्याचे नाव त्यात टिपत जा. शिफारसपत्र मामूंचे किंवा ओळखीच्या नगरसेवकाचे घेऊ नका. ज्याने तुमचे काम डोळ्यांनी पाहिले आहे, त्याचे घ्या.

भाषेच्या बाबतीत आपण वाटतो तितके मागे नाही. घरात दखनी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, अशी तीन भाषांत वावरायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. आपल्यातल्या बहुतेकांनी मदरशात किंवा घरी अरबी अक्षरे गिरवलेली असतात. ती नुसती वाचता येतात, अर्थ कळत नाही. त्याला दोन वर्षांच्या बोलीभाषेच्या अभ्यासाची जोड दिली, तर अरबी ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे, हे लक्षात ठेवा. इंग्रजीला मात्र पर्याय नाही. ती सफाईदार नसली तरी चालेल, पण अहवाल लिहिण्याइतकी आणि फोनवरचे बोलणे समजण्याइतकी हवी.

कागदपत्रांकडे या आठवड्यातच पाहा. शाळेच्या दाखल्यावर शेख, आधारवर शैख, बँकेत नुसते पहिले नाव, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ते आधी एकसारखे करून घ्या. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या दाखल्यांवर अहमदनगर राहणारच, तेव्हा दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची आहेत असे अर्जात एका ओळीत लिहून टाका. आपला जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाकडे येतो. प्रौढांच्या ३६ पानी साध्या पासपोर्टला १५०० रुपये लागतात आणि तो दहा वर्षे चालतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांसाठी पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि ती ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते.

पोलीस पडताळणीचे नाव काढले की आपल्या घरांत आवाज खाली जातो. ही भीती कुठून आली हे मला माहीत आहे, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण तिच्यामुळे अर्जच न करणे म्हणजे स्वतःच स्वतःला नकार देणे. कागद पुरे असतील तर अर्ज करा आणि पडताळणीच्या दिवशी घरी थांबा. कुणी पैसे मागितले तर देऊ नका आणि तक्रार लेखी करा. राज्यात एखाद्या मोबाइल स्टेटसवरून गुन्हा दाखल झालेली मुलेही आहेत. फौजदारी खटला कोर्टात चालू असेल तर पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते. ती मागता येते आणि मिळतेही. गुन्हा लपवून खोटी माहिती भरली तर मात्र दुसरा गुन्हा होतो. म्हणून आधी वकिलाला भेटा. आणि स्टेटस टाकण्याआधी दहा वेळा विचार करा.

आता धोक्याविषयी. ओळखीच्या एका घरात मुलाला "परदेशी समाजसेवेचा व्हिसा" देतो म्हणून एका एजंटाने ऐंशी हजार मागितले होते. संस्थेचे नाव विचारले तेव्हा त्याने नुसता मोबाइल नंबर दिला. निवड होण्याआधी पैसे मागणारा, टुरिस्ट व्हिसावर चला म्हणणारा, पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणारा, या तिघांपासून दूर राहा. नोकरीच्या आमिषाने म्यानमार-कंबोडियात नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीय तरुणांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. आणि एखाद्या अनोळखी ग्रुपवरून युद्ध चालू असलेल्या मुलखात "मदतीला चला" असा निरोप आला, तर उत्तरही देऊ नका. खरी मदतसंस्था आपली माणसे अशी गोळा करत नाही. भावनेच्या भरात एक पाऊल चुकीच्या जागी पडले, तर ते मुलाला आणि घराला आयुष्यभर पुरते. तवक्कुल म्हणजे उंट न बांधता मोकळा सोडणे नव्हे, हे आपल्याला लहानपणीच शिकवले आहे.

घरच्यांची परवानगी हा मुलींसाठी सर्वांत अवघड पेपर असतो. "बच्ची को इत्ता दूर कायको भेजना?" या प्रश्नामागे दरवेळी जुनाटपणाच असतो असे नाही, काळजीही असते. तिला माहितीने उत्तर द्या. कोणती संस्था, राहायचे कुठे, बरोबर कोण, विमा कुठला, अडचणीत फोन कुणाला करायचा, हे सगळे एका कागदावर लिहून अब्बा-अम्मींसमोर ठेवा. आधी जिल्ह्यात, मग राज्याबाहेर एक-दोन महिने काम करून परत आलेली मुलगी पुढची परवानगी सहज मिळवते. मुलांना माझा उलटा प्रश्न आहे: घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल, तर वर्षभराच्या भत्त्यावर घर चालेल का? नसेल चालत, तर त्यात कमीपणा नाही. ऑनलाइन भाषांतर करा, हिशेब करा, नकाशे करा. गरजूपर्यंत तेही पोहोचते.

ज्यांना कायम सरकारी नोकरी आहे, त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. हाजींच्या सेवेसाठी जाणाऱ्यांना पूर्वी खादिमुल हुज्जाज म्हणत, आता राज्य हज निरीक्षक म्हणतात. आपले शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी त्यासाठी अर्ज करू शकतात. पण तिथेही गर्दीत हरवलेल्या म्हाताऱ्या हाजींना शोधणारा माणूस लागतो. स्वतःच्या इबादतीची सोय म्हणून त्या जागेकडे पाहणाऱ्याने अर्ज करू नये.

तेव्हा फॉर्म कुठे मिळतो हे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे: या महिन्यात कागद दुरुस्त करा, पुढच्या महिन्यात प्रथमोपचार शिका, आणि या वर्षी एका संस्थेत आठवड्याचे चार तास न चुकता द्या. वर्षभरानंतरही जायची इच्छा तितकीच राहिली, तर अर्ज भरताना तुमच्याकडे लिहायला काहीतरी असेल. निवड झाली नाही, तरी तुमच्या तालुक्याला वर्षभर एक भरवशाचा माणूस मिळालेला असेल.