वळवाची वर्दी फडापर्यंत जावी



पाटोद्याच्या बालाघाटी माळाला वळीव नवा नाही. पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यावर गारा कोसळल्या, ते आपण विसरलेलो नाही. दुपारी जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि बघता बघता ढग उभा राहतो. म्हणून अमुक गावावरच गारा पडतील, हे चार दिवस आधी कुणी सांगू शकत नाही. जिल्ह्याला धोका आहे एवढेच सांगता येते. नेमके कळते ते शेवटच्या दोन-तीन तासांत. हवामान खाते तेवढ्या मुदतीचा इशारा देते; पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजा दाखवते.

मग घोडे अडते कुठे? फडात! कोयता चालवणाऱ्याचा फोन कोपीत, बैल झाडाखाली. आमचे म्हणणे असे, की इशारा येताच गट ऑफिसने मुकादमाला कळवावे, तोड थांबवावी, माणसे पक्क्या घरात न्यावीत, बैल झाडाखालून हलवावेत. एखादा इशारा फुकट जाईल, दोन तास बुडतील. मजुरी टनावर असते, तेव्हा त्या खाड्याची झळ एकट्या तोडणीवाल्याला नको; कारखान्याने, म्हणजे आपणच, ती सोसावी. ऊस काय, उद्याही तुटेल.