पोशिंदा एकटा नव्हता

२१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर एक मोर्चा गेला. मुंडावळ्या बांधलेले, नवरदेवाच्या वेशातले तरुण बँड लावून निघाले होते, काहीजण घोड्यावर होते. त्यांची लग्नं जमत नव्हती आणि त्यावर सरकारनं काहीतरी करावं, अशी त्यांची मागणी होती. महाराष्ट्रात अनेकांना त्या मोर्चाचं हसू आलं. नांदेड-लातूरकडच्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट, कोणत्याही तालुक्यातल्या गावात जा. तिशी ओलांडलेली, दोन-चार एकर कोरडवाहूवर राबणारी, बिनलग्नाची पोरं भेटतात. त्यांचं दुःख खरं आहे. मला भांडायचं आहे ते त्या दुःखाला जे कारण चिकटवलं जातं त्याच्याशी.

ते कारण नव्या मोंढ्यात माल घालून बसलेल्यांच्या तोंडी आहे, अभ्यासिकेखालच्या चहाच्या टपरीवर आहे, लग्नाच्या मांडवातही आहे. पोरी शिकल्या आणि शेफारल्या. त्यांना नोकरीवाला पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे, घरात सासू नको. वरून सरकारनं लाडकी बहीण आणली, एसटीचं अर्धं तिकीट दिलं, निम्मी सरपंचपदं दिली. सगळं बायकांना. आणि राबायचं कुणी? कर्ज कुणी काढायचं? घर कुणी पोसायचं? गड्यानं.

हे बोलणारी माणसं दुष्ट नाहीत, आणि त्यांच्या बोलण्यात एक भाग असा आहे जो सुशिक्षित स्त्रीवादी मंडळींनीही कान देऊन ऐकायला हवा. बँकेची नोटीस बाप्याच्या नावानं येते. सावकार ओसरीवर येऊन बसतो तेव्हा उत्तर त्यालाच द्यावं लागतं. बहिणीच्या लग्नाचा खर्च, आईचं आजारपण, भावाच्या शिकवणीची फी, सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात, आणि 'मला झेपत नाही' हे शब्द उच्चारायची मुभा त्याला नसते. या देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा जणांत सुमारे सात पुरुष असतात. मराठवाड्यातल्या किती घरांत भिंतीवरच्या फोटोतला हार त्या आकड्याची साक्ष देतो, हे सांगायला नको. पुरुषावर ओझं आहे. हे ओझं बायकांनी टाकलं, एवढंच खोटं आहे.

आधी लग्नाचं बघू. मुलगी शेतकरी नवरा नाकारते, हा तिचा माज, असं म्हणतात. मग तिचा बाप काय करतो? तोही नोकरीवालाच शोधतो. मुलाचा बाप काय करतो? तो एकर विकून, कर्ज काढून मुलाला लातूरच्या ट्यूशन एरियात ठेवतो, नीटचे क्लास लावतो, कारण पोरगं आपल्यासारखं मातीत जाऊ नये असं त्याला वाटतं. आणि तो मुलगा स्वतः? तो नांदेडात खोली करून पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतो, नाहीतर एमपीएससीच्या जाहिरातीची वाट बघत वय घालवतो. शेतीतून बाहेर पडायला बाप धडपडतो, मुलगा धडपडतो, ती धडपड शहाणपणाची ठरते. तोच निर्णय मुलीनं घेतला की तो लोभ कसा? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्या बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकलं गेलं. शेतकऱ्याच्या मुलाचं लग्न मोडलं ते त्या भावानं. ज्यांनी हा भाव पाडू दिला त्यांच्याकडे बोट दाखवायचं सोडून गाव पंचविशीच्या पोरीकडे बोट दाखवतं, कारण ती समोर असते आणि उलटून बोलत नाही.

शिवाय तिनं आपल्या आईचा दिवस पाहिलेला असतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्या बिनमोल कामात रोज सरासरी २९९ मिनिटं गेलेली दिसली. घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारांत जेमतेम एक, आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटं. ही पाच तास आणि दीड तासातली तफावत शेतातल्या कामाच्या वरची आहे. मुलीनं हे जगणं नको म्हटलं तर तिला शेफारलेली म्हणायचं, की ते जगणं बदलायचं?

आणखी एक गोष्ट आहे, ती टपरीवर कधीच निघत नाही. मुली कमी का आहेत? गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, साल १९८८. तरी २००१ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, आणि २०११ मध्ये ८९४. आमच्या शेजारच्या बीडमध्ये तो आकडा २०११ साली ८०७ वर आला. २००१ मध्ये मोजलेली लेकरं आज लग्नाच्या वयाची आहेत. २०११ ची पिढी अजून यायची आहे, म्हणजे हा तुटवडा वाढणार आहे. ज्या मुली जन्मू दिल्या नाहीत त्यांची जागा रिकामी आहे, आणि त्या रिकाम्या जागेचा दोष जन्मलेल्या मुलींवर टाकला जातो. सोनोग्राफीचे पैसे मोजणाऱ्यांत सासवा होत्या, बायकाही होत्या, हे मान्य. पण वंशाला दिवा हवा, हा हट्ट कुणाच्या नावासाठी होता?

आता मुख्य दावा, 'घर गडी पोसतो.' मराठवाड्यात हा दावा करायला धीर लागतो. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडायला कोण बसलं होतं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. खुरपणी, कापूस वेचणी, हळदीची काढणी यातलं किती काम बायकांच्या हातचं असतं हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. त्यांची हजेरी गड्यापेक्षा कमी असते, समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली होऊनही.

आणि ऊसतोडीचा हिशेब बघा. दिवाळीच्या आसपास आमच्या भागातून टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटा आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे त्या धंद्याच्या वहीतच लिहिलेलं आहे की बाईशिवाय पुरुष निम्मा. पण उचलीचे पैसे घेतो पुरुष. ऊस तोडायचा दोघांनी, मोळ्या बांधायच्या तिनं, डोक्यावरून वाहायच्या तिनं, आणि त्याआधी पहाटे उठून भाकरी थापायच्या तिनंच. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. घर पोसण्यासाठी शरीराचा अवयव काढून दिलेल्या या बायका आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून 'मी पोसतो' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

लाडकी बहीण योजनेवर मला फार वेळ घालवायचा नाही. निवडणुकीच्या तोंडावर पैसे वाटून मतं घ्यायची ही रीत मला मान्य नाही. सरकारनं भाव द्यावा, मजुरी द्यावी, दवाखान्यात डॉक्टर द्यावा. पण महिन्याला १,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये, आणि तेवढ्यानं बायका आळशी झाल्या असं म्हणणाऱ्यांना एक विचारतो. पीएम किसानचे वर्षाला ६,०००, नमो शेतकरीचे ६,००० तुमच्या खात्यात येतात, त्यानं तुम्ही आळशी झालात का? ते पैसे सन्मान आणि बाईचे पैसे खिरापत, हा न्याय कुठला? वर ज्या बाईच्या नावावर शेती आहे आणि जिला हे दोन्ही निधी मिळतात, तिला लाडकी बहीणमधून ५०० रुपयेच मिळतात.

राजकारण हे बायकांचं काम नाही, हेही मत सहज बोललं जातं. निजामाच्या राजवटीत बदनापूर भागातल्या दगडाबाई शेळके रझाकारांविरुद्ध हत्यार घेऊन उभ्या राहिल्या, आणि १७ सप्टेंबरला आपण त्याच लढ्याचं झेंडावंदन करतो. गावात दारूचं दुकान बंद करायचं असतं तेव्हा मतदानात आडव्या बाटलीला मत द्यायला बायकाच रांगा लावतात. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. तरी ग्रामपंचायतीत खुर्चीवर नवरा बसतो, निर्णय तो घेतो, सही तेवढी तिची. मग लोक म्हणतात, बाईला काही कळत नाही. तिला बसू दिलं कधी? पहिल्या वर्षी चुका होतील. पुरुष सरपंचांच्या चुका गावानं साठ वर्षं पोसल्या आहेत.

एवढं खंडन झालं. मग पुरुषानं काय व्हावं? माझं उत्तर असं की त्यानं एकटा पोशिंदा होणं सोडावं आणि ते सोडताना खाली मान घालू नये. हे मी बायकांच्या भल्यासाठी म्हणतो तितकंच पुरुषाच्या जिवासाठी म्हणतो. आत्महत्या केलेल्या अनेक शेतकऱ्यांच्या बायकांना नवऱ्यावर किती कर्ज होतं हे तो गेल्यावर कळलं. 'तिला कशाला काळजी' म्हणून त्यानं सगळं आत ठेवलं. ज्या मर्दपणानं त्याला बोलू दिलं नाही त्यानंच त्याचा जीव घेतला, आणि मागं तिला उघड्यावर टाकलं. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ एकल महिलांची पाहणी केली, त्यात ४० टक्के जणींना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. देशात शेतीच्या खातेदारांत बायका सुमारे १४ टक्के आहेत. जमीन तिच्या घामाची, सातबारा त्याचा, आणि तो गेला की ती तलाठ्याच्या दारात.

हे बदलायची वाट आपल्याच शेतकरी चळवळीनं दाखवली आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्यानं आपल्या हयातीत, आपल्या मर्जीनं जमीन बायकोच्या नावे करावी अशी ती हाक होती. हजारो गड्यांनी ती ऐकली. कर्जमुक्ती मागणारे, रस्त्यावर लाठ्या खाणारे गडी होते ते. त्यांच्या मर्दपणाला कुणी कमी म्हटलं नाही. १९९२ मध्ये शासनानं नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्यात पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारा राज्याचा कायदा १९९४ चा आहे. तरी आजही भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि भाऊबीजेला साडी देतात.

म्हणून लग्न न जमणाऱ्या तरुणाला माझं सांगणं आहे की मोर्चा जरूर काढ, पण तो सोयाबीनच्या भावासाठी काढ, आणि त्यात गावातल्या बायकांना पुढं घे, कारण तो भाव त्यांच्याही घामाचा आहे. मुलगी बघायला गेलास तर बापाला सांग की हुंडा नको, आणि मुलीला सांग की सातबाऱ्यावर तुझं नाव लागेल, कर्जाची वही तुझ्यासमोर उघडी राहील, भाकरी मलाही थापता येते. आणि ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांनी पुढच्या आठवड्यात तलाठी कार्यालयात जाऊन बायकोचं नाव लावायचा अर्ज द्यावा. बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्यायचं ठरलं असेल तर ते करू नये.