खुराड्यातला चोर

मैत्रिणींनो, या वेळी स्वयंपाकघरातून जरा मागच्या दारी येऊ या. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या परसात चार-सहा कोंबड्या असतात. मुलांना घरचं अंडं मिळतं, उरलेली शेजारीपाजारी विकली की चार पैसे सुटतात. त्या पैशांचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही, हे त्यातलं खरं सुख! म्हणूनच एखादं पिल्लू गेलं तरी जीव चुटपुटतो.

आमचं गाव कोकणातलं, तालुक्याचं. गेल्या दिवाळीनंतर आमची खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसली नि अकरा पिल्लं निघाली. सकाळी मी शाळेत शिकवायला जाते, तेवढा वेळ ती आईसकट खुराड्यात कोंडलेली असत. पण आठवड्यात अकराची नऊ झाली, नवाची सात. रक्त नाही, पीस नाही, दाराची दोरी जशीच्या तशी! मी मनाशी म्हटलं, हा चोर दोन पायांचाच. कामाला येणाऱ्या मावशींचा दहा वर्षांचा मुलगा परसात खेळायचा. मी नाव कुणाचं घेतलं नाही. पण "आजकाल पिल्लांनाही पाय फुटतात हो, मावशी," असं बोलून गेले. मावशींनी भांडी पुरी केली, पदराला हात पुसले नि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी शाळेतून येते तो सासूबाई मागच्या दारातून हाका मारताहेत. बघते तर नारळाच्या सोडणांच्या ढिगातून निघालेला भलामोठा साप खालच्या फळीच्या फटीतून अर्धा आत! गावातल्या सर्पमित्रांना बोलावलं. त्यांनी अलगद धरला. धामण होती, बिनविषारी. ते म्हणाले, "वहिनी, ही उंदरांच्या मागावर आली. दाणे सांडले म्हणून उंदीर आले, सोडणं रचली म्हणून त्यांना आसरा मिळाला. पिल्लं हिला आयतीच सापडली."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. वर्गात मुलांना 'शहानिशा केल्याशिवाय आळ घेऊ नये' असं शिकवणारी मी!

तेव्हा बायांनो, कोंबडी गेली तर आधी खुणा वाचायला शिका. उघड्यावरून भरदिवसा पिल्लू नाहीसं झालं नि मागे काहीच उरलं नाही, तर बहुधा घार. बंद खुराड्यातून अंडी किंवा पिल्लं अख्खी गेली, तर साप. अंड्यांची कुरतडलेली टरफलं आणि जवळच बीळ दिसलं, तर उंदीर किंवा घूस. मुंगूस बहुधा दिवसा येतं, मान-डोकं चावतं नि एकावर थांबेलच असं नाही. रानमांजर आणि आपण कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतो ते उदमांजर रात्री येतं; ते कोंबडी उचलून नेतं, मागे पिसं सांडलेली दिसतात. जाळी फाडलेली नि कोंबड्या न खाताच मारून टाकलेल्या असल्या, तर भटकी कुत्री. हे झाले ढोबळ आडाखे. खात्री करायची तर न्हाणीच्या चुलीची राख चाळून रात्री खुराड्याभोवती पातळ पसरा. सकाळी पावलं आपणच बोलतात.

आता बंदोबस्ताचं. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, पायांवर असावं. बाजारात मिळणारी मोठ्या षटकोनी भोकांची जाळी कोंबडी आत ठेवते, पण साप-उंदरांना बाहेर ठेवत नाही. खालच्या दोन फुटांना तरी अर्ध्या इंची चौकोनी भोकांची मजबूत जाळी लावा. खुराडं जमिनीवरच असेल तर जाळी फूटभर खोल पुरा, म्हणजे उकरून कुणी आत शिरणार नाही. दाराला दोरी नको, कडी-कोयंडा हवा. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून घरी येतात; तेव्हा मोजून आत घ्या नि लगेच दार लावा. "जेवणं उरकून लावू" म्हटलं की घात झालाच.

दाणे संध्याकाळी उचलून ठेवा, अंडी रोजच्या रोज काढा. सरपण नि सोडणं खुराड्यापासून लांब रचा. सापासाठी फिनेल, रॉकेल शिंपडतात, लसूण टांगतात. त्याच्या भरवशावर राहू नका, फट बुजवा. कुठलाही साप दिसला तरी हात लावू नका; नागही अंड्यांच्या मागे येतो.

घारीसाठी पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत आईसकट डालग्याखाली ठेवावीत. किंवा कोळणीकडून जुनं जाळं आणून परसावर मांडवासारखं ताणावं. जाळं जमिनीवर मात्र लोळू देऊ नका, त्यात साप अडकून मरतात. नवी पिल्लं घ्याल तर पांढरी नकोत, रंगीत घ्या. झाडाझुडपांत ती चटकन नजरेला येत नाहीत. हैदराबादला तयार झालेली 'वनराजा' ही परसातली जात रंगीतच आहे.

एक शेजारीण मला म्हणाली, "कणकेच्या गोळ्यात विष घालून ठेव, कटकट मिटेल." असलं करू नका. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, धामण, सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय विष खाणारा कोण असेल, शेजारचं कुत्रं की आपलंच मांजर, हे कुणी सांगावं? जुन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात तर बिबट्याची धास्ती. तिथे खुराडं घराच्या भिंतीला लागूनच असावं, अंधारात एकटीनं बाहेर जाऊ नये, नि शंका आली की वन विभागाला १९२६ या नंबरावर कळवावं.

त्याच संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेले. माफी मागितली. मुलगा दाराआडून म्हणाला, "बाई, त्या फटीतून उंदीर जाताना मी बघितला होता. सांगणार होतो, पण तुम्ही रागावलेल्या दिसलात."

मावशी दोन दिवसांनी कामावर आल्या. जुन्यासारख्या बोलतातही. पण मुलाला मात्र अजून आमच्या परसात पाठवत नाहीत. मी रोज विचारते.

तेव्हा आज दिवेलागणीपूर्वी खुराड्याभोवती एक फेरी माराच. बोट आत जाईल एवढी फट दिसली तर ती आधी बुजवा. संशय कुणाचा घ्यायचा ते मागाहून बघू.